चार्ज द्यावा लागतो

३ फेब्रुवारी, सोमवार

आज काका माझ्या खोलीत आले आणि बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. बसले असते तर बरं झालं असतं. बसलेला माणूस चहा पिऊन उठतो तरी, उभा कधी जाणार ते कळत नाही!

काका म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा सख्खा पुतण्या आमच्याकडे इतिहास शिकवतो, तो त्यांना काका म्हणतो, म्हणून सगळं कॉलेज काका म्हणतं. माझ्यापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठे असतील, पण मीही म्हणते.

"मॅडम, फार दगदग होते तुमची. आम्ही ठराव केलाय. प्राचार्यपद आता पुतण्या बघेल. तुम्ही चार्ज द्या आणि मोकळ्या व्हा."

मी म्हटलं, "हो, बघते." माझं हे नेहमीचंच! 'नाही' म्हणायचं असलं की तोंडातून 'बघते' निघतं.

ते गेल्यावर पेन बंद करायला गेले. प्रयोगशाळेत जन्म गेला, अॅसिड ओतताना कधी थेंब सांडला नाही, आणि आज पेनचं टोपण लागेना.

४ फेब्रुवारी

मला ही खुर्ची कधीच नको होती, हे एकदा लिहून ठेवते. जुने प्राचार्य निवृत्त झाले, सर्वांत ज्येष्ठ मी, म्हणून मला प्रभारी केलं. संस्थेने केलं, विद्यापीठाने मान्यता दिली — 'नियमित प्राचार्य येईपर्यंत'. नियमित म्हणजे जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाचे प्रतिनिधी, मुलाखती. यातलं काही म्हणजे काही झालेलं नाही. काकांच्या दिवाणखान्यात चार माणसं बसली आणि ठराव झाला. 

५ फेब्रुवारी

विद्यापीठाचं परिपत्रक आलं. संलग्न महाविद्यालयांना सूचना — मान्यता नसलेल्या प्राचार्याच्या सहीने आलेले परीक्षेचे फॉर्म स्वीकारले जाणार नाहीत. शेवटच्या वर्षाच्या फॉर्मची मुदत महिनाअखेर.

म्हणजे चार्ज पुतण्याला दिला तर मुलांचं वर्ष जाणार. नाही दिला तर मी जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हेडक्लार्कने परिपत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि छताकडे बघत उभा राहिला. काकांनी त्याला नोकरीला लावलंय. माझ्यासमोर तो हल्ली छताकडेच बघतो.

६ फेब्रुवारी

भाऊजी आले होते. यांचे धाकटे भाऊ, वकिली करतात. शाळा-कॉलेजांचीच प्रकरणं जास्त. येतानाच चपला काढता काढता म्हणाले, "काय वहिनी, सिंहासन सोडताय म्हणे?"

मग नीट बसून समजावलं. नेमणूक करायची संस्थेने, पण नियमाने निवड करून आणि विद्यापीठाच्या मान्यतेने. "लग्न ठरवणारे एक, नोंदणी करणारे दुसरे. दोघांची भांडणं लागली की नवरी मधल्यामध्ये उभी!"

"आणि त्यांनी खुर्ची ओढूनच घेतली तर?"

"वहिनी, चार्ज घेता येत नाही. द्यावा लागतो. तुम्ही दिल्याशिवाय ब्रह्मदेवाला मिळायचा नाही."

"मला निलंबित केलं तर?"

भाऊजी एवढे हसले! त्यांनी संस्थेची नियमावली वाचलीय. शिक्षकाच्या निलंबनाचा आदेश प्राचार्याच्या सहीने निघतो. "प्राचार्य कोण? तुम्ही. करणार आहात का स्वतःच्या निलंबनावर सही?"

हेही हसले. दोघं भाऊ टाळी देऊन हसले. मला नाही हसू आलं. यांना रोज त्या जिन्यावरून चढायचं नाही ना.

१० फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये गेले की बोलणं थांबतं. मी कपाट उघडते, उगीच एक पुस्तक काढते, परत ठेवते, निघून येते. वनस्पतिशास्त्राची बाई तेवढी "बरं आहे ना?" म्हणाली. तेही दाराबाहेर येऊन, इकडेतिकडे बघून.

१२ फेब्रुवारी

फोन येतो. कुणी बोलत नाही. श्वास ऐकू येतो. मी "हॅलो, हॅलो" करत राहते, मूर्खासारखी!

१३ फेब्रुवारी

गाडीची दोन्ही मागची चाकं बसलेली. हे म्हणाले, "एक पंक्चर होतं. दोन करावी लागतात." एरवी यांच्या विनोदावर मी तरी हसते. आज ते स्वतःही हसले नाहीत. कॉलेजातून मी रिक्षाने आले. रिक्षावाला आरशातून बघत होता असं वाटलं. नसेलही बघत. मला आता सगळेच बघताहेत असं वाटतं.

१४ फेब्रुवारी

काकांचा फोन. आवाज एकदम गोड. "मॅडम, अजून 'बघते'च चाललंय का?"

मी म्हटलं, विद्यापीठाची मान्यता येऊ द्या, त्याच क्षणी देते.

"विद्यापीठ कोण? इमारत विद्यापीठाने बांधली का? विटा आमच्या, जागा आमची, नळाचं पाणी आमचं. आमच्या घरात कोण बसणार ते बाहेरच्यांनी सांगायचं?" आणि वर, "तुम्हीही बाहेरच्याच म्हणा."

इतकी वर्षं शिकवून मी बाहेरची! रात्री जेवायला बसले. अर्धी पोळी ताटात टाकून उठले.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी बेल वाजली. दारात पुतण्या!

सोफ्याच्या अगदी कडेला बसला, परीक्षेला बसल्यासारखा. एवढा चाळिशीचा माणूस, वर्गात उभा राहिला की मागच्या बाकापर्यंत आवाज पोचतो, मुलं खिडकीत उभी राहून ऐकतात. आज आवाजच फुटेना. हे चहा करायच्या निमित्ताने आत गेले, तेव्हा म्हणाला, "मॅडम, मला ती खुर्ची नकोय."

मी हातातला पेपर बाजूला ठेवला.

"मला जमणार नाही. मला शिकवता येतं, बाकी काही येत नाही. तुम्ही चार्ज देऊ नका. काय वाट्टेल ते झालं तरी देऊ नका."

"मग काकांना सांग ना तसं."

"त्यांना नाही म्हणता येत नाही मला. वडील गेल्यापासून त्यांनीच वाढवलंय. ते खोलीत आले की मी अजून उभा राहतो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "म्हणजे तुझं 'नाही' मी म्हणायचं?"

"हो," म्हणाला. एवढं सरळ!

चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन विसळला, आणि गेला. राग धड टिकलाही नाही. त्याच्यात मला मीच दिसत होते, हे जास्त लागलं.

१८ फेब्रुवारी

माझ्याविरुद्ध तक्रार. 'प्रभारी प्राचार्य कार्यालयीन सहकाऱ्यांशी उर्मटपणे वागतात.' मी उर्मट! हे म्हणाले, "चला, कुणीतरी कौतुक केलं."

१९ फेब्रुवारी

यांच्या डोळ्याची तारीख मिळाली. मोतीबिंदू पिकलाय, कधीपासून टाळत होतो. सत्तावीस, गुरुवार. सकाळी न्यायचं, संध्याकाळी घरी. सोबत कुणीतरी लागणार. मुलगी परदेशी, म्हणजे मीच.

फॉर्मची मुदत अठ्ठावीस, शुक्रवार. ऑफिसात तपासणी चालू आहे, एक गठ्ठा झाला की सहीला येतील. हेडक्लार्क म्हणाला, "शुक्रवारी सकाळी सगळे एकदम तुमच्यापुढे ठेवतो." ठीक आहे. शुक्रवारी दिवसभर सह्या करेन.

२४ फेब्रुवारी

काही झालं नाही आज. फोन नाही, तक्रार नाही, चाकं जागेवर. त्यानेच जास्त भीती वाटली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

उद्याची किरकोळ रजा टाकली. यांची फाइल, चष्मा, थेंबांची बाटली, सगळं पिशवीत भरलं. हे घाबरलेत पण दाखवत नाहीत. "उद्यापासून तुझ्या सुरकुत्या स्पष्ट दिसणार, तयारीत राहा," म्हणाले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात लिहितेय. यांना आत नेलंय. मागच्या पानावर लिहितेय, अक्षर कसंही येतंय.

काय करून बसले मी! काय करून बसले!

इथे खुर्चीत बसले होते, यांचा चष्मा हातात. शेजारी एक बाई मुलाला फोनवर सांगत होती, "मी नाहीये तोवर धाकट्याकडे बघ." आणि एकदम माझा कालचा अर्ज डोळ्यांपुढे आला. 'माझ्या गैरहजेरीत कार्यभार पुढील ज्येष्ठ शिक्षक पाहतील.'

आमच्याकडे रजेच्या अर्जात ही ओळ लिहायचीच असते. विभागप्रमुख लिहितात, ग्रंथपाल लिहितो. आयुष्यभर प्रत्येक अर्जाच्या शेवटी मी ती लिहिलीय. डोकं लागतच नाही, हात लिहितो. पण पूर्वी मी विभागप्रमुख होते, पुढचा ज्येष्ठ म्हणजे रसायनातला कुणी. आता मी प्राचार्याच्या जागी. माझ्यानंतर ज्येष्ठ कोण? यादीत माझ्याखाली एकच नाव, काकांनी शिक्षण संपल्या संपल्या लावून घेतलेलं.

पुतण्या!

महिनाभर नेटाने धरून ठेवलं, आणि एका ओळीत दिलं. कुणी मागितलंही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हेडक्लार्कने अर्ज वाचला, मान वर केली, महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "असाच पुढे देऊ ना, मॅडम?" मी म्हटलं, द्या की!

ऑफिसला फोन लावला. उचलत नाहीत.

परत लावला. शिपायाने उचलला. म्हणाला, "सर तुमच्या खोलीत आहेत. काका पण आहेत. दार लावलंय."

नर्स बोलावतेय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

फाटकातच अडवलं. वॉचमन बिचारा खाली मान घालून, "मॅडम, मला सांगितलंय सोडू नका." पाकीट दिलं. निलंबन. उर्मट वर्तन, चौकशी होईपर्यंत वगैरे. खाली कालची तारीख, पुतण्याची सही, 'प्रभारी प्राचार्य'.

रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मुलं येत होती, "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणत आत जात होती. मीही म्हणत होते. काय करणार!

वनस्पतिशास्त्राच्या बाईने फोन करून सांगितलं. फॉर्म सगळे कालच गेले. तेही त्याच्याच सहीने.

१ मार्च

भाऊजी आले. चपला काढताच हात पुढे केला. अर्जाची प्रत वाचली. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त कपाळ चोळलं. "वहिनी, आम्ही वकील लोक कोर्टात जे वर्षानुवर्षं मिळवू शकत नाही ते तुम्ही किरकोळ रजेत दिलंत."

यांचा एक डोळा झाकलेला. दुसऱ्याने माझ्याकडे बघत होते. मला तोही नको होता.

३ मार्च

विद्यापीठाने फॉर्म बाजूला काढून ठेवलेत. सुनावणी घेणार. मुदत संपली, नवे फॉर्म घेणार नाहीत. भाऊजी कुलसचिवांना भेटून आले. त्यांचं म्हणणं, एकदा सूट दिली की उद्या प्रत्येक संस्था आपापला पुतण्या बसवेल. खोटं नाही तेही.

प्रश्न एकच ठरलाय. त्या दिवशी चार्ज त्याच्याकडे होता की नव्हता?

माझी मान्यता खरी. मी दिला असेल तर त्या एका दिवसापुरता तोही खरा प्रभारी. मग त्या दिवशीच्या त्याच्या सगळ्या सह्या खऱ्या. फॉर्मवरच्या आणि माझ्या निलंबनावरची. दिला नसेल तर सगळ्या खोट्या.

भाऊजींनी वाट काढलीय. "चार्ज रिपोर्टवर तुमची सही नाही. कपाटाच्या किल्ल्या दिलेल्या नाहीत, शिक्का दिलेला नाही. ती ओळ सवयीची. तुम्ही एवढंच म्हणायचं, मी रजा घेतली, चार्ज दिला नव्हता. आदेश कचऱ्यात. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत खुर्चीत."

"आणि फॉर्म?"

त्यांनी चहाचा कप उचलला. रिकामा होता. तरी प्यायले.

"तेही," म्हणाले.

४ मार्च

आणि उलट म्हटलं तर? काकांची चौकशी समिती, काकांचाच निकाल. तिथून परत येतं कोण? गणिताचे एक सर असेच गेले होते. पुढे बाजारात दिसले तर आम्ही दुकानातल्या वस्तू बघायचो. मीही बघायचे. आता माझ्यासाठी लोक वस्तू बघतील.

मला भीती वाटते. दुसरं काही वाटतच नाही.

५ मार्च

पुतण्याचा फोन.

"काका शेजारी उभे होते, मॅडम."

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"त्यांनी त्या एकाच कागदावर सही घेतली. फॉर्मचं त्यांनी काढलंही नव्हतं. ते गेल्यावर मी हेडक्लार्ककडून मागून घेतले. म्हटलं, उद्या मॅडमना आत सोडणार नाहीत. मुदत टळेल. निदान मुलांचं तरी..." मग रडला. मोठा माणूस फोनवर रडतो तेव्हा काय करायचं असतं मला माहीत नाही. "मी चुकलो का?" असं दोनदा विचारलं.

म्हटलं, "त्या एका कागदावर चुकलास. बाकीच्यांवर नाही."

ठेवल्यावर वाटलं, हे मी कशाला बोलले! आता स्वतःच्याच बोलण्यात अडकले.

६ मार्च

शेवटच्या वर्षाची एक मुलगी घरी आली. प्रयोगवहीवर सही हवी म्हणे. सही आता मी करू शकत नाही हे तिलाही माहीत होतं. मावशीकडे राहून शिकते, सकाळी औषधाच्या दुकानात काम करून कॉलेजला येते. जाताना दारात वळली. "मॅडम, आमचं होईल ना?"

मी म्हटलं, "होईल. जा, अभ्यास कर."

दार लावलं आणि तिचाच राग आला. ही मुलं माझी कोण? दरवर्षी येतात, जातात, रस्त्यात ओळखतही नाहीत. यांच्यासाठी मी माझी नोकरी, माझं नाव, सगळं पाण्यात घालायचं? एक वर्ष गेलं तर गेलं, वय आहे त्यांचं. माझं कुठे आहे!

असं वाटलं. वाटलं ते लिहिलं. इथे नाही लिहायचं तर कुठे?

८ मार्च

यांचा डोळा उघडला. खिडकीबाहेर बघून म्हणाले, समोरच्या इमारतीला रंग दिला वाटतं. तो गेल्या वर्षी दिलाय.

मग माझ्याकडे वळून बराच वेळ बघितलं. सुरकुत्यांवर बोलतील म्हणून मी वाट बघत होते. म्हणाले, "अगं, किती वाळलीस तू!"

विचारलं, मी काय करू? "मी सांगणार नाही. मी सांगितलं तर उद्या तू मला धरशील. पण एक सांगतो, तू भितेस, आणि मीही भितोय. तू एकटी नाहीस, एवढंच." याने धीर यायला हवा होता. आला नाही. आता दोघांची भीती झाली.

९ मार्च, रविवार

ठरवलं. मी 'दिला नव्हता' म्हणणार. भाऊजींना फोन करून सांगितलं. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "शाब्बास वहिनी! दोन शब्दांवर थांबायचं. तिसरा बोलायचा नाही."

खोटं कुठे आहे त्यात? किल्ल्या माझ्याच पर्समध्ये आहेत. शिक्का कपाटात. सवयीची ओळ म्हणजे काय चार्ज असतो? मुलांसाठी विद्यापीठ काहीतरी करेल. पुढच्या सत्रात घेईल. करतात असं.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१० मार्च

आरशासमोर म्हणून बघितलं. "दिला नव्हता. दिला नव्हता." छान जमतंय. चेहराही हलत नाही. 

साडी काढून ठेवली. उद्या सुनावणीला भाऊजी न्यायला येणार.

११ मार्च, मंगळवार

लांब टेबल. पलीकडे काका, आज बसलेले. त्यांच्यामागे पुतण्या, उभा. कुलसचिवांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "ही ओळ तुम्ही लिहिलीत. त्या दिवशी तुम्ही यांना चार्ज दिला होता का?"

भाऊजींनी घसा खाकरला.

मी म्हटलं, "दिला होता."